कॉलनीतल्या भिंतीवर महापालिकेकडून चित्र काढून घ्यायचंय? मग रंग सगळ्यात शेवटी आणा

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरकडच्या कॉलनीत एक सार्वजनिक भिंत आहे, साठ फूट लांब, आठ फूट उंच. आधी तिच्यावर क्लासेसच्या जाहिराती, त्याखाली पानाच्या पिचकाऱ्या आणि त्याखाली कचरा असा तीन मजली कारभार होता. आता तिथे चित्र आहे. हे सगळं जमवायला आम्हाला दीड वर्ष लागलं आणि त्यातले रंगकामाचे दिवस फक्त नऊ! बाकीचं दीड वर्ष कशात गेलं तेच इथे लिहितोय, म्हणजे तुमचे निदान सहा-आठ महिने तरी वाचतील.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ पासून सुरू झालं तसं सगळ्याच शहरांत भिंती रंगायला लागल्या, चांगलंच झालं, पण बहुतेक ठिकाणी तेच ते हिरवं झाड, तीच पृथ्वी हातात धरलेली मुलगी, आणि खाली 'येथे कचरा टाकू नये'. त्याच्यासमोर कचरा. असं का होतं? तर काम चौरस फुटाच्या दरावर निघतं, सगळ्यात कमी दरवाल्याला मिळतं, आणि त्या दरात परवडतं ते म्हणजे स्टेन्सिल, म्हणजे कापलेला साचा ठेवून वरून रंग मारायचा. त्या बिचाऱ्या पेंटरचा यात काही दोष नाही. पण त्या गल्लीतल्या कोणालाच कोणी विचारलेलं नसतं, त्यामुळे भिंत कोणाचीच होत नाही. भिंत कोणाची तरी करणं हेच खरं काम आहे.

आणि ही काही परदेशातून आणलेली कल्पना नाही हां. पांडवलेण्यांवर, म्हणजे नाशिकच्या जुन्या बौद्ध लेण्यांवर, आपण सगळेच शाळेच्या सहलीत गेलोय, वर चढून दम लागल्यावर शेंगदाणे खाल्ले आणि खाली उतरलो. पण तिथलं १८ नंबरचं चैत्यगृह आहे ना, ज्याचं दर्शनी कोरीवकाम बघत आपण उभे राहतो, त्यावरच्या लेखात लिहिलंय की हे धंभिक गावाचं दान आहे, नाशिककरांचं. म्हणजे गावकऱ्यांनी मिळून दिलेलं. आणि १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, एकोणीसशे वर्षं तरी जुना, त्यात लेणं कोरल्याचं तर आहेच, पण पुढे असंही आहे की गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) महिना शेकडा एक दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण पाऊण टक्क्याने ठेवलेत, मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं, तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि दप्तरी नोंदवलं. बघा म्हणजे, नुसतं लेणं कोरून निघून गेले नाहीत, पुढे रोजच्या खर्चाचं काय हेही ठरवलं, आणि गावच्या सभेत नोंद केली. आपण मात्र फीत कापली की मोकळे.

आधी भिंत कोणाची ते शोधा

आमचे पहिले चार महिने इथेच गेले. आम्हाला वाटलं रस्त्याकडची भिंत म्हणजे महापालिकेचीच. तसं नसतं. मुंबई-आग्रा हायवेवरच्या उड्डाणपुलाचे खांब राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, ट्रान्सफॉर्मरचा डीपी बॉक्स महावितरणचा, नाशिकरोडकडच्या रुळांलगतच्या भिंती रेल्वेच्या, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे. महापालिकेची असली तरी आतल्या आत उद्यान विभाग, पाणीपुरवठा, बांधकाम, शिक्षण असे वेगवेगळे मालक. जलकुंभाच्या कंपाउंडचं पत्र उद्यान विभागाला दिलंत तर ते तिकडेच पडून राहणार.

शोधायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे तुमच्या विभागीय कार्यालयात जाऊन विचारणं. नाशिकमध्ये अशी सहा आहेत, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. तिथल्या बांधकामाच्या ज्युनिअर इंजिनिअरला भिंतीचा फोटो दाखवा, त्याला बहुतेक वेळा तोंडपाठ असतं. नाहीच कळलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पण भांडायच्या सुरात लिहू नका, 'सदर भिंत कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे' एवढा एकच प्रश्न, बास.

दोन जागांना तर हातच लावायचा नाही. एक म्हणजे संरक्षित स्मारकं आणि त्यांचा परिसर, तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय काही नाही. दुसरं म्हणजे गोदाघाटाचा, जुन्या वाड्यांचा, देवळांचा काळा दगड. दगडावर ऑइल पेंट मारून 'सुशोभीकरण' करायची आपल्याकडे फार हौस आहे, पण त्यामुळे दगडातला ओलावा आत अडकतो, पोपडे येतात, आणि नंतर तो रंग काढायला जो खर्च येतो त्यात चार भिंती होतील. दगड चांगलाच दिसतो हो, त्याला राहू द्या.

आणि डोक्यात पुतळा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पुतळ्याला राज्य सरकारची वेगळी नियमावली आहे, कला संचालनालयाकडून क्ले मॉडेल मंजूर करून घ्यावं लागतं, पायाचं आणि वाऱ्याचं गणित इंजिनिअरने करावं लागतं. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, किती जीव हळहळला ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. तेव्हा सुरुवात भिंतीपासून करा.

मग लोकांना विचारा, आणि खरंच विचारा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकणं म्हणजे विचारणं नाही. ग्रुपवर असतात ते फ्लॅटवाले, आणि भिंतीपाशी दिवसभर असतात ते वेगळेच लोक. आमच्या भिंतीपाशी भाजीवाल्या मावशी बसतात, गिरणारेकडून माल आणतात, सकाळी सात ते अकरा आणि परत संध्याकाळी. शिवाय रिक्षाचा छोटा स्टँड, आणि शाळेची बस तिथेच थांबते. आम्ही दोन रविवार तिथेच खुर्च्या टाकून बसलो, चहाचा थर्मास ठेवला, आणि प्रत्येकाला एकच विचारलं की इथे काय बघायला आवडेल आणि काय अजिबात नको.

'काय नको' हा प्रश्न जास्त कामाचा निघाला. ग्रुपवर आमच्या एका उत्साही सभासदाने वाघाचं डिझाइन टाकलं होतं, सगळ्यांना आवडलं होतं, पन्नास अंगठे. मावशी म्हणाल्या, "माझ्या पाठीमागं वाघ-बिघ नका काढू बाबा, गिऱ्हाईक माझ्याकडं बघंल का वाघाकडं?" रिक्षावाले म्हणाले देवाचं चित्र नको, खाली कोणी थुंकलं तर उगाच भांडणं होतात. हे मला फार पटलं. थुंकू नये म्हणून देवाच्या टाइल्स लावतात ना, ते मला कधीच आवडलं नाही, आपल्या घाणेरड्या सवयीसाठी देवाला वॉचमन कशाला करायचं?

एका आजोबांनी दुतोंड्या मारुती सुचवला. आता नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ हा उंच मारुती आहे, आणि पूर किती आलाय हे नाशिककर त्याच्यावरून मोजतात, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. सार्वजनिक शिल्प रोजच्या जगण्यात मुरणं म्हणजे काय, तर हे. पण देव नको असं ठरलं होतं म्हणून आमच्या चित्रात नुसता घाट, पायऱ्या आणि पाणी आलं, आणि दर पावसाळ्यात पुराच्या रात्री पाणी कुठपर्यंत होतं ते आजोबा पोरांना त्याच पायऱ्यांवर बोट ठेवून सांगतात.

मावशींचं काय केलं ते सांगतो. त्या बसतात त्या सहा फुटांत चित्रकार ताईंनी काहीच काढलं नाही, फक्त खालून दोन फुटांवर येवल्याच्या पैठणीसारखा काठ काढला, जांभळ्यावर सोनेरी पिवळा, आणि वर द्राक्षाचा मांडव. मावशी पाटी मांडून बसल्या की काठ बरोबर त्यांच्या खांद्यामागे येतो. आता लोक त्यांचा फोटो काढतात आणि मग लाजेकाजेस्तव मेथीची जुडी तरी घेतात.

अर्ज कसा लिहायचा

महापालिकेला हे काम करायचा अधिकार आहे का, असा प्रश्न एका साहेबांनीच आम्हाला विचारला होता, म्हणून उत्तर पाठ करून ठेवा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत, आणि त्यातला एक म्हणजे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं. गटारं आणि पाणी जितकं महापालिकेचं, तितकंच हेही त्या यादीत आहे. अर्थात हे ऐकवायचं नसतं, अर्जात एका ओळीत नम्रपणे लिहायचं असतं.

अर्ज विभागीय अधिकाऱ्यांच्या नावाने, आणि प्रत भिंत ज्या खात्याची त्यांना. एक पान पुरे. त्यात भिंतीची जागा, लांबी-उंची, आत्ताचे दोन फोटो, काय काढायचंय त्याचं कच्चं रेखाटन, खर्च कोण करणार, आणि पुढची पाच वर्षं देखभाल कोण बघणार. शेवटचा मुद्दा बहुतेक लोक लिहीतच नाहीत, आणि अधिकाऱ्याला खरी भीती त्याचीच असते, की उद्या रंग उडाला तर तक्रार आपल्याकडे येणार. सोबत लोकांच्या सह्या जोडा, आणि सह्यांमध्ये भिंतीसमोरच्या दुकानदारांच्या, टपरीवाल्यांच्या आधी, सोसायटीच्या नंतर.

अर्ज दिला की आवक नंबर आणि तारखेचा शिक्का आपल्या कॉपीवर घ्यायचाच. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर हसून उभं राहायचं. नंतर विचारायला गेलात की पहिला प्रश्न 'आवक नंबर काय?' हाच असतो. नगरसेवकांनाही एक प्रत द्या, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, कारण ना हरकत पत्र यायला उशीर झाला तर फोन त्यांचाच कामाला येतो. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करा की चित्रात कोणाचाही फोटो, चिन्ह किंवा 'यांच्या प्रयत्नातून' असली पाटी येणार नाही. कोपऱ्यात एक छोटा फलक, त्यावर चित्रकाराचं नाव आणि वर्ष. आम्ही हे लेखी घेतलं म्हणून वाचलो.

पैसे

तीन वाटा आहेत. महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, अंदाजपत्रकाची तयारी दिवाळीनंतर सुरू होते, त्यामुळे प्रभागाच्या निधीतून काम हवं असेल तर मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आत गेली पाहिजे. मार्चमध्ये गेलात तर उरलेला निधी घाईघाईत संपवायचा असतो आणि मग तेच ते स्टेन्सिल. निधी महापालिकेचा असेल तर टेंडर येणार, तिथे निदान एवढी विनंती करा की भिंतीची तयारी आणि रंगसाहित्य एका बाजूला आणि चित्रकाराचं मानधन दुसऱ्या बाजूला धरा. कलाकाराचं काम चौरस फुटात मोजायला लागलं की संपलं. कितीतरी देशांत यावर सरळ तोडगा आहे, इमारतीच्या बांधकाम खर्चातला एक टक्का कलेसाठी. अमेरिकेत फिलाडेल्फियाने हे १९५९ मध्येच सुरू केलं, आणि तिथेच १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांना पकडून त्यांच्याच हातात ब्रश देण्याचा उपक्रम सुरू झाला, आज त्या शहरात हजारो भित्तिचित्रं आहेत. आपल्याकडे असा टक्क्याचा नियम झाला तर मजा येईल, निदान नवीन जलकुंभ आणि शाळांपुरता तरी.

दुसरी वाट सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्या आहेत, कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृती आहे. पण कॉलनीच्या मंडळाला थेट पैसे मिळत नाहीत, सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, असलेली संस्था मध्ये लागते.

तिसरी वाट वर्गणी. आम्ही हीच धरली, परवानगी महापालिकेची आणि पैसे आमचे, कारण गणपतीची वर्गणी गोळा करणारी फौज तयारच होती.

चित्रकार आणि कागद

नाशिकला चित्रकारांची वानवा नाही. चित्रकला महाविद्यालयातली मुलं आहेत, पेठ-सुरगाणा-त्र्यंबककडचे वारली काढणारे आहेत, बोर्ड रंगवणारे जुने पेंटर आहेत ज्यांचा धंदा फ्लेक्सने बसवला. या पेंटर लोकांना विसरू नका, उंचावर बसून सरळ रेघ मारायची त्यांची हातोटी आर्ट कॉलेजच्या पोरांकडे नसते. आमच्याकडे डिझाइन एका ताईंचं आणि अक्षरं व वरची बाजू एका साठीच्या पेंटरकाकांची.

फुकट काम मागू नका. 'तुम्हाला प्रसिद्धी मिळेल' हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर.

एक पानाचा करार करा, त्यात रक्कम, दिवस, साहित्य कोणाचं, आणि पुढे भिंत पाडायची किंवा झाकायची वेळ आली तर चित्रकाराला आधी किती दिवस कळवायचं हे लिहा. हे उगाच नाही. दिल्लीत विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प होतं, ते १९७९ मध्ये न विचारता काढून गोदामात टाकलं, मोडतोड झाली. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली त्यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाख भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत. चित्र विकलं तरी त्याची विटंबना होऊ नये हा हक्क कलाकाराकडे राहतो, हे सोसायटीच्या चेअरमनसकट सगळ्यांना माहीत असू द्या.

भिंतीची तयारी, इथे आमची चूक झाली

पहिल्या वेळी आम्ही घाई केली. हो, पहिल्या वेळी, म्हणजे हे चित्र दुसऱ्यांदा काढलेलं आहे. भिंतीत ओल होती, आम्ही वरून प्राइमर मारला, हिवाळ्यात झकास दिसलं, आणि जुलैत तळापासून तीन फूट पापुद्रे सुटले. वर्गणीचे पैसे पाण्यात, शब्दशः.

तर ओल तपासा. दीड बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. काढल्यावर आतून दव असेल किंवा भिंत काळपट झाली असेल तर थांबा, ओल कुठून येते ते शोधा. आमच्या भिंतीमागे झाडांना पाणी घालायचा नळ गळत होता, दीडशे रुपयांचा वॉशर!

पावसाळा संपल्यावर भिंतीला वाळायला महिना-दीड महिना द्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रंगकामाचा काळ. नवीन प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस हात लावायचा नाही. मग जुना रंग खरवडायचा, तारेच्या ब्रशने घासायचं, शेवाळ असेल तर ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायचं, भेगा बाहेरच्या कामाच्या पुट्टीने भरायच्या, पॉलिश पेपर, प्राइमर, आणि बाहेरच्या इमल्शनचे दोन हात. दोन हात धरून एका लिटरमध्ये साधारण पन्नास चौरस फूट होतात, आमच्या ४८० फुटांना बेससाठी दहा लिटर लागलं. आतल्या भिंतीचा डिस्टेंपर स्वस्त पडतो म्हणून आणू नका.

तळाचे दोन-तीन फूट गडद आणि नक्षीचे ठेवा. पावसाचं चिखलपाणी तिथेच उडतं, गडद नक्षीत ते लपतं. पश्चिमेकडे तोंड असेल तर भडक गुलाबी-लाल रंग उन्हात लवकर उतरतात, गेरू आणि पिवळ्या मातीसारखे रंग टिकतात.

चित्र भिंतीवर उतरवायला ताईंनी प्रोजेक्टर आणला होता, पण स्ट्रीटलाइटच्या उजेडात काही दिसेना. शेवटी पेंटरकाकांनी सुतळीला गेरू चोपडला, दोघांनी दोन टोकं धरली, मधून ओढून सोडली, फट्! सरळ रेघ. अर्ध्या तासात सगळ्या भिंतीवर फूट-फुटाचे चौकोन तयार, आणि मग कागदावरच्या चौकोनातलं भिंतीवरच्या चौकोनात. सहा फुटांच्या वर परांची लागते, बांधायला जाणता माणूस घ्या, स्टुलावर स्टूल ठेवू नका. पोरांना खालचे सपाट रंग भरायला द्या, एक रविवार पुरे, त्याहून जास्त दिलात तर ताईंना नंतर सगळं दुरुस्त करावं लागतं.

झालं, आता काय फरक पडला

कचरा पूर्ण बंद झाला असं खोटं सांगणार नाही. भिंतीखालचा बंद झाला, पण त्यातला थोडा पलीकडच्या कोपऱ्यावर गेला, घंटागाडीची वेळ बदलून घेतल्यावर तिथलाही कमी झाला. पण रिक्षावाले आता 'द्राक्षाच्या भिंतीपाशी' असा पत्ता सांगतात. बसची वाट बघणाऱ्या आया तिथे उभ्या राहून बोलतात, आधी लांब उभ्या राहायच्या. आणि लोक एकमेकांना ओळखायला लागल्यामुळे बंद पडलेल्या स्ट्रीटलाइटची तक्रार पहिल्यांदाच चाळीस जणांच्या सहीने गेली.

एकदा कोणीतरी मधोमध वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स ठोकला होता, आम्ही काढायला जायच्या आधीच रिक्षावाल्यांनी तो उतरवून घडी घालून ठेवला होता. गरज पडलीच तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे, फोटो काढून विभागीय कार्यालयात तक्रार करता येते.

देखभालीला आम्ही वर्गणीतली पंचमांश रक्कम वेगळी मुदत ठेवीत टाकली, फक्त व्याज वापरायचं. कल्पना कोणाची ते वर वाचलंच आहे, फक्त आपल्याला उषवदातासारखा वर्षाला बारा टक्के दर कोणती बँक देत नाही. दर दिवाळीआधी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने भिंत पुसायची, पावसाळ्यानंतर पुट्टी कुठे फुगली का ते बघायचं.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रंगकाम निघालं तर तुमच्या भागातल्या भिंतींची यादी आणि लोकांनी सुचवलेले विषय आधीच देऊन ठेवा, नाहीतर तुमच्याकडेही तीच पृथ्वी हातात घेतलेली मुलगी येणार.

आणि उरलेला रंग फेकू नका. प्रत्येक शेडचा पाव लिटर छोट्या डब्यात घट्ट बंद करून सावलीत ठेवा, पुढच्या वर्षीच्या टचअपला तोच रंग मिळतो. शेड नंबर मात्र झाकणावर लिहू नका, आमची झाकणं बदलली आणि घाटाच्या पायरीवर एक जांभळा ठिपका पडलाय, तो अजून आहे. डब्याच्या अंगावर लिहा.